कुंपणाची तार, काचेची तार

उरुग्वेत वासराच्या दोन्ही कानांत बिल्ले मारतात. एका कानातला बिल्ला मोठा, चार हातांवरूनही वाचता येईल असा. दुसऱ्या कानातला बटणाएवढा. त्याच्या पोटात चिप असते आणि यंत्र जवळ नेले की ती आपला क्रमांक कळवते. दोन्हींवरचा क्रमांक एकच, आणि तो दुसऱ्या कुठल्याही जनावराला कधीच मिळत नाही. वासरू सहा महिन्यांचे व्हायच्या आत, किंवा त्याआधी ते जन्मल्या कुरणाबाहेर जाणार असेल तर निघण्यापूर्वी, हे काम व्हावेच लागते. क्रमांकाची सुरुवात ८५८ ने होते, कारण देशांच्या आंतरराष्ट्रीय यादीत उरुग्वेचा आकडा ८५८ आहे. त्या देशात फोन लावायचा तर आधी ५९८ लावावे लागते. माणसांचा आकडा वेगळा, गुरांचा वेगळा, आणि दोन्हींचा हिशेब देशाने सारख्याच काळजीने ठेवलेला.

हे पुस्तक लिहायला घेतले ते या बिल्ल्यामुळे. तोपर्यंत उरुग्वे हे नाव माझ्यासाठी फुटबॉलपुरते होते: १९३० चा पहिला विश्वचषक, आणि १९५० साली रिओच्या माराकाना मैदानात ब्राझीलला रडवणारा दुसरा. गायीच्या कानातली ती चिप पाहिली आणि प्रश्न पडला, की जेमतेम ३५ लाख लोकसंख्येच्या देशाला सव्वा कोटीच्या आसपास जनावरांची एकेक करून नोंद ठेवण्याची गरज का पडली, आणि मुख्य म्हणजे ते जमले कसे? उत्तर शोधत गेलो तसा गोठ्यातून टेलिफोन खात्यात, तिथून रेल्वेच्या जुन्या स्थानकांवर, शाळांच्या वर्गांत आणि शेवटी समुद्राच्या तळाशी पोहोचलो.

मराठीत दळणवळण हा शब्द मोठ्या पोटाचा आहे. रस्ता, रेल्वे, टपाल, तार, टेलिफोन सगळे त्यात मावते. उरुग्वेच्या बाबतीत हा शब्द फार उपयोगी पडतो, कारण तिथे मालाची वाहतूक आणि खबरेची वाहतूक यांच्यात रेघ ओढता येत नाही. विदर्भ आणि मराठवाडा एकत्र केले तर जेवढा प्रदेश होईल त्याहून थोडासा मोठा हा देश. वर ब्राझील, पलीकडे अर्जेंटिना, दोन्ही अवाढव्य. घरात गिऱ्हाईक थोडे, त्यामुळे जगायचे ते दूरच्या बाजारावर. आणि दूरच्या गिऱ्हाइकाला माल विकताना मालासोबत खात्रीही विकावी लागते. ही गाय कुठे जन्मली, कुठे चरली, तिच्यासोबत कोण होते, हे सांगता आले तर मांसाला भाव. नाही तर तेच मांस बंदरावर अडकून पडते. ती खात्री तारेवरून जाते. म्हणून उरुग्वेत तार हा अर्थव्यवस्थेचा एक हात नाही, ती तिची नाडी आहे, हे माझे म्हणणे. पुढची सगळी प्रकरणे या एका म्हणण्याची उलटतपासणी आहेत.

तार या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ. एक धातूची, दुसरी टपालवाल्याने आणलेली. घरात ‘तार आली’ म्हटले की छातीत धस्स व्हायचे, हे आठवणारी पिढी अजून आहे. आपली तारसेवा बंद झाली ती २०१३ च्या जुलैत. उरुग्वेतही तार या दोन्ही रूपांत आली, आणि जवळजवळ बरोबरीने आली.

त्याआधी तिथे होते ते मोकळे गवत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला एर्नान्दारियास या स्पॅनिश गव्हर्नराने नदीपलीकडून गुरे आणून त्या माळावर सोडून दिली. पाणी होते, गवत होते, थंडी बेताची होती. माणसे वस्तीला यायच्या आधी गुरांचे कळप झाले. मॉन्टेव्हिडिओ शहर वसले ते १७२० च्या दशकात, म्हणजे गुरांनंतर शंभरेक वर्षांनी, आणि तेही पोर्तुगिजांना रोखण्यासाठी स्पेनने बांधलेले बंदर म्हणून. गुरे कोणाचीच नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. गाऊचो नावाचा घोडेस्वार गुराखी त्यांच्यावर जगे. गाय मारायची, कातडे सोलायचे आणि मांस बहुतेक वेळा तिथेच टाकायचे, कारण ते टिकवायचे कसे हे कोणाला माहीत नव्हते. खारवून वाळवलेले मांस पुढे बाहेर जाऊ लागले, पण त्याचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे ब्राझील आणि क्युबातले मळेवाले. ते मांस तिथल्या गुलामांच्या ताटात पडे. उरुग्वेच्या संपत्तीचा हा पहिला हप्ता कशातून आला हे विसरून पुढे जाता येत नाही.

१८७० च्या दशकात माळावर लोखंडी तारेचे कुंपण आले. १८७५ साली ग्रामीण संहिता झाली. पाठोपाठ कर्नल लोरेन्सो लातोर्रे याने सत्ता हाती घेतली, आणि १८७९ च्या दुरुस्तीने कुंपणाचा अर्धा खर्च शेजाऱ्यावर सक्तीने बसवला. मोठ्या जमीनदाराला हे परवडले. छोट्याला परवडले नाही, त्याची जमीन गेली. आणि ज्याच्याकडे जमीनच नव्हती, ज्याचे पोट मोकळ्या माळावर चाले, तो एका रात्रीत बाहेरचा ठरला. कुंपण असले की गुराख्यांची गरजही कमी. रस्त्याकडेच्या पडीक तुकड्यांवर झोपड्यांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. लोक त्यांना उंदरांची गावे म्हणू लागले. देशाच्या इतिहासाच्या पुस्तकांत कुंपणाचे वर्णन बहुतेक वेळा ‘आधुनिकीकरण’ या शब्दाने होते. उत्तम जातीची मेंढरे आणि गुरे पैदा करायला कुंपण लागतेच, हे खरे. पण त्या वस्त्यांचा उल्लेख केल्याशिवाय तो शब्द वापरू नये असे मला वाटते, आणि या पुस्तकात मी तसा तो वापरलेला नाही.

दुसरी तार कुंपणाच्या थोडी आधी पोहोचली होती. १८६६ मध्ये प्लेट नदीच्या रुंद मुखातून मॉन्टेव्हिडिओ ते ब्यूनस आयर्स अशी पाण्याखालची तार पडली. १८७४ मध्ये ब्राझीलचा किनारा समुद्रतळातून युरोपशी जोडला गेला आणि मॉन्टेव्हिडिओही त्या साखळीत आले. लंडनचा लोकरीचा भाव आठवड्यांऐवजी तासांत कळू लागला. मधल्या काळात, १८६९ च्या पहिल्या दिवशी, बेया व्हिस्ता ते लास पिएद्रास असा रेल्वेचा पहिला तुकडा सुरू झाला. पुढे रेल्वे इंग्रज कंपनीच्या हाती गेली आणि तिने बहुतेक रूळ टाकले ते हाताच्या बोटांसारखे, सगळे मॉन्टेव्हिडिओच्या तळव्यात येऊन मिळणारे. आतल्या दोन गावांना एकमेकांशी जोडणे हा तिचा हेतूच नव्हता. (याच कंपनीच्या कामगारांनी आणि साहेबांनी १८९१ मध्ये काढलेल्या क्रिकेट क्लबातून पेन्यारोल हा फुटबॉल संघ जन्मला. लोकर, कातडी आणि मांस इंग्लंडला गेले, पण ही एक गोष्ट मागे राहिली आणि तिथल्या लोकांनी ती पुरती आपलीशी केली.)

तार आणि रेल्वे हातात असली की सत्ता कोणाची ठरते, हे १९०४ मध्ये दिसले. आपारिसिओ साराविया या ग्रामीण पुढाऱ्याने घोडदळ घेऊन बंड केले. सरकारकडे रेल्वे होती, तारयंत्र होते, नव्या बंदुका होत्या. बंडखोरांची खबर त्यांच्या घोड्यांच्या आधी राजधानीत पोहोचे. सप्टेंबरात साराविया मासोयेरच्या लढाईतल्या जखमेने गेला आणि माळावरची यादवी युद्धे संपली. जिंकलेल्या अध्यक्षाचे नाव होसे बातिए इ ओर्दोन्येस. उरुग्वेच्या अर्थव्यवस्थेवर इतका खोल ठसा दुसऱ्या कोणाचा नाही.

बातिएकडे वळण्याआधी फ्राय बेन्तोस पाहून घ्यावे. उरुग्वे नदीकाठच्या या गावी १८६० च्या दशकात गेओर्ग गीबेर्ट नावाच्या जर्मन इंजिनिअरने एक कारखाना काढला. युस्टुस फोन लीबिग या रसायनशास्त्रज्ञाने मांस आटवून त्याचा अर्क काढण्याची रीत सांगितली होती. युरोपात मांस महाग असल्याने ती तिथे कागदावरच राहिली होती. एक किलो अर्काला तीसेक किलो मांस लागे. फ्राय बेन्तोसला मांस टाकून दिले जात होते. लीबिग कंपनी १८६५ मध्ये उभी राहिली, भांडवल लंडनचे, शास्त्र जर्मन, गाय उरुग्वेची. पुढे अर्काच्या जोडीला डबाबंद मांस आले, आणि पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत सैनिकांच्या तोंडी फ्राय बेन्तोस हे नाव बसले. गायीचे ‘हंबरणे सोडून’ बाकी सगळे इथे वापरले जाते, असे त्या गावात म्हणत. शिंगे, हाडे, रक्त, चरबी, सगळ्याचा काही ना काही माल होई. देशातला पहिला विजेचा दिवा लागला तो राजधानीत नाही, १८८३ साली याच कारखान्यात. कारखाना १९७९ मध्ये बंद पडला आणि २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तिथल्या कचेरीत अजून खतावण्यांच्या रांगा आहेत. किती गुरे आली, कोणत्या कुरणातून आली, किती वजन भरले. कानातल्या चिपेची पणजी त्या खतावण्यांत आहे, असे मला मनापासून वाटते.

बातिए दोनदा अध्यक्ष झाले, १९०३ ते १९०७ आणि १९११ ते १९१५. त्यांनी पाहिले ते चित्र असे होते: रेल्वे इंग्रजांची, नळाचे पाणी इंग्रजांचे, गॅस इंग्रजांचा, ट्राम परक्यांच्या. देशात कमावलेला पैसा दर वर्षी नफा म्हणून बाहेर जातो. जमीनदारीला हात लावण्याची ताकद त्यांच्यात नव्हती किंवा तेवढी इच्छा नव्हती. यावर तिथले इतिहासकार अजून भांडतात. पण सेवा देशाच्या मालकीच्या असाव्यात, हा त्यांचा आग्रह ठाम होता. १९११ मध्ये सरकारी विमा बँक, १९१२ मध्ये विजेचा सरकारी उपक्रम. बातिए १९२९ मध्ये गेले, पण त्यांनी घातलेली वाट चालू राहिली. १९३१ मध्ये तेल आणि सिमेंटसाठी आन्काप झाली आणि त्याच वर्षी टेलिफोनही वीज कंपनीकडे सोपवले गेले. वीज आणि टेलिफोन एकाच छपराखाली त्रेचाळीस वर्षे नांदले. १९७४ मध्ये, लष्करी राजवटीत, टेलिफोन वेगळा काढून आन्तेल ही कंपनी झाली. तीच आजही देशाचे घरगुती टेलिफोन आणि इंटरनेट सांभाळते.

इथे एक कोडे आहे आणि या पुस्तकाचे सर्वांत मोठे प्रकरण त्यावर खर्च झाले आहे. सरकार तेच, कायदे तेच, कामगार संघटनाही तितक्याच बळकट. मग टेलिफोन टिकला आणि वाढला, रेल्वे मात्र का मेली?

रेल्वे देशाच्या हाती आली १९४९ मध्ये. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने उरुग्वेचे मांस उधारीवर नेले होते. ते पैसे लंडनमध्ये गोठून राहिले. शेवटी हिशेब मिटवताना ब्रिटनने रोख दिली नाही, कंपन्या दिल्या: जुनी इंजिने, जुने रूळ, जुनी स्थानके. त्याआधी दोन दशके सरकारनेच इंग्रज कंपनीला शह द्यायला रुळांना समांतर डांबरी रस्ते बांधले होते. म्हणजे रेल्वे विकत घेतली त्या दिवशी ती सरकारच्याच रस्त्यांशी स्पर्धेत होती, आणि हरत होती. टेलिफोनची गोष्ट वेगळी. त्याला समांतर रस्ता नव्हता. शिवाय निम्मा देश मॉन्टेव्हिडिओ आणि त्याच्या आसपास राहतो. त्या प्रत्येक घरात दर महिन्याला टेलिफोनचे बिल यायचे. टेलिफोन बिघडला तर मतदार बोलायचा. रेल्वेवर मुख्यतः गुरे, लोकर आणि धान्य जायचे, आणि त्यांना मत नसते. शिवाय टेलिफोन सरकारी तिजोरीत भर घालत असे, रेल्वे तिजोरीतून घेत असे. माझे उत्तर एवढेच आहे. ते अपुरे वाटेल त्यांनी पाचवे प्रकरण वाचावे, तिथे त्याला विरोध करणारे पुरावेही मांडले आहेत.

१९८७ चा डिसेंबर हा त्या देशाच्या आर्थिक इतिहासातला विलक्षण महिना आहे, आणि त्याच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. १७ तारखेला मुक्त व्यापार क्षेत्रांचा नवा कायदा झाला. २८ तारखेला वनीकरणाचा कायदा झाला. निलगिरी आणि पाइनच्या लागवडीला करसवलती मिळाल्या. आणि जानेवारीच्या २ तारखेला देशभरच्या प्रवासी रेल्वेगाड्या बंद झाल्या. सोळा दिवसांत तीन निर्णय. पहिल्यातून पुढे सॉफ्टवेअर आणि सेवा-उद्योगांची आवारे उभी राहिली. दुसऱ्यातून कागदाच्या लगद्याचे प्रचंड कारखाने आले: २००७ मध्ये फ्राय बेन्तोसलाच फिनलंडच्या कंपनीचा, मग पुन्ता पेरेइराला, आणि २०२३ मध्ये पासो दे लोस तोरोसला वर्षाला एकवीस लाख टन क्षमतेचा. फ्राय बेन्तोसच्या कारखान्यावरून अर्जेंटिनाशी इतके फाटले की पलीकडच्या लोकांनी नदीवरचा पूल तीन वर्षांहून अधिक काळ अडवून धरला आणि प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. २०१० च्या निकालात न्यायालयाने उरुग्वेला सल्लामसलतीचा करार न पाळल्याबद्दल दोषी धरले, पण नदी दूषित केल्याचा आरोप सिद्ध झाला नाही आणि कारखाना राहिला. आज लगदा निर्यातीत गोमांसाच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे. तिसऱ्या निर्णयातून काय आले ते शेवटी येईल.

मग १९९२. लॅटिन अमेरिकाभर सरकारी कंपन्या विकण्याची लाट होती. अर्जेंटिनाने टेलिफोन विकला होता, चिलीने त्याच्याही आधी. उरुग्वेत अध्यक्ष लुइस आल्बेर्तो लाकाये यांच्या सरकारने १९९१ मध्ये कायदा केला. त्यात आन्तेलचा हिस्सा विकायची तरतूद होती. तिथल्या राज्यघटनेत नागरिकांना सह्या गोळा करून कायदा मताला लावण्याचा हक्क आहे. १३ डिसेंबर १९९२ ला मतदान झाले आणि दहापैकी सातांहून अधिक मतदारांनी त्या कायद्याची मुख्य कलमे रद्द केली. जगात फार थोड्या देशांनी आपला टेलिफोन कोणाचा असावा हे असे प्रत्यक्ष मत टाकून ठरवले आहे. २००३ मध्ये तेल कंपनीबाबत, २००४ मध्ये पाण्याबाबत लोकांनी पुन्हा असाच कौल दिला. पाणी सरकारी हातीच राहील असे तर घटनेतच लिहिले गेले.

या मतदानाचे वर्णन ‘डाव्यांचा विजय’ असे एका वाक्यात करणे मला पटत नाही. विरोधात मत देणाऱ्यांत सत्ताधारी पक्षांचे पारंपरिक मतदारही मोठ्या संख्येने होते. त्यांना समाजवाद हवा नव्हता. त्यांना टेलिफोन आपला वाटत होता. मोबाइलच्या क्षेत्रात खाजगी कंपन्या आल्याच आणि त्यांना कोणी अडवले नाही. सरकारी मालकीचे दुखणेही या पुस्तकात लपवलेले नाही: धोरण ठरवणारे सरकार आणि त्या धोरणाखाली धंदा करणारी कंपनी एकाच घरातली, नेमणुका राजकीय, नफा तिजोरीत ओढला जाणारा. ही तक्रार विरोधक करतात आणि ती बरीचशी खरी आहे.

तरीही तारेची मालकी हातात असल्याचे मोल दहा वर्षांत कळले. २००१ मध्ये देशभर लाळ्या-खुरकुताची साथ पसरली. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा रोग नवा नाही. पण मांस निर्यात करणाऱ्या देशाला तो म्हणजे बाजाराचे दार बंद. एकामागून एक देशांनी उरुग्वेचे मांस घेणे थांबवले. त्यातून सावरायच्या आत अर्जेंटिनाची अर्थव्यवस्था कोसळली, तिथल्या ठेवीदारांनी मॉन्टेव्हिडिओच्या बँकांतून पैसे काढायला धाव घेतली, आणि ३० जुलै २००२ ला उरुग्वेला बँका बंद ठेवाव्या लागल्या. पेसोची किंमत जवळजवळ निम्म्यावर आली. तरुण मुले स्पेनला निघून गेली. त्या वर्षांच्या आठवणी काढताना तिथले लोक अजून आवाज खाली करतात.

त्याच २००२ मध्ये मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सीने मॉन्टेव्हिडिओत, झोनामेरिका या मुक्त क्षेत्रात, आपले केंद्र उघडले. देश गुडघ्यावर आलेला असताना दूरच्या भारतातली कंपनी तिथे का गेली? मजुरी स्वस्त झाली होती हे एक कारण, पण तेवढे पुरेसे नाही. शेजारी देशांतही ती स्वस्त झाली होती. शिकलेली माणसे, भरवशाची टेलिफोन व्यवस्था, आणि घड्याळ. मॉन्टेव्हिडिओत दुपारचे बारा वाजतात तेव्हा मुंबईत रात्रीचे साडेआठ झालेले असतात; न्यूयॉर्क मात्र उरुग्वेपासून तासा-दोन तासांवर आहे. अमेरिकेच्या कचेरीच्या वेळात जागे असलेले, स्पॅनिश आणि इंग्रजी बोलणारे शहर मुंबईच्या कंपनीला हवे होते. पुढे तिथे हजाराहून अधिक माणसे कामाला लागली. मुळात तिथे सॉफ्टवेअरचे बी होतेच: ब्रेओगान गोन्दा आणि निकोलास होदाल यांनी १९८८ मध्ये स्थापलेल्या कंपनीचे जेनेक्सस हे प्रोग्रॅम लिहून देणारे साधन जपानपर्यंत विकले जात होते. आणि त्याच २००२ मध्ये लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनसाठी इंटरनेटचे पत्ते वाटणाऱ्या लाकनिक या संस्थेला मान्यता मिळाली; तिचे घर मॉन्टेव्हिडिओच आहे.

गायींच्या कानातले बिल्ले आले ते या दुहेरी धक्क्यानंतर. २००६ च्या कायद्याने प्रत्येक नव्या वासराची वैयक्तिक नोंद सक्तीची झाली. पाया जुना होता: १९७० च्या दशकापासून प्रत्येक पशुपालक ३० जूनला आपल्याकडे किती जनावरे आहेत याचे प्रतिज्ञापत्र देत आला आहे, आणि कळप हलवायचा तर सोबत परवाना लागतो. नवे होते ते एकेका जनावराला नाव मिळणे, आणि त्याची प्रत्येक हालचाल मध्यवर्ती नोंदीत जाणे. कत्तलखान्यांतही गाय आत आल्यापासून मांस बाहेर पडेपर्यंत सात टप्प्यांवर वजन होते आणि आकडे सरकारी मांस संस्थेकडे जातात. लोक त्या यंत्रणेला ‘काळ्या पेट्या’ म्हणतात. पशुपालकाला पूर्वी नेहमी संशय असे की वजनात आपल्याला मारले जाते. आता त्याला आकडे पाहता येतात. दूरच्या गिऱ्हाइकासाठी बांधलेली खात्री जवळच्या माणसाच्या कामी आली, आणि मला या साऱ्या व्यवस्थेतली ही सर्वांत मोलाची बाजू वाटते.

त्याच सुमाराला अध्यक्ष ताबारे वास्केस यांनी शाळकरी मुलांसाठी सेइबाल योजना जाहीर केली. मे २००७ मध्ये फ्लोरिदा प्रांतातल्या कार्दाल या छोट्या दुग्धगावी पहिले हिरवे-पांढरे लॅपटॉप वाटले गेले. २००९ संपायच्या आत देशातल्या सरकारी प्राथमिक शाळांतल्या प्रत्येक मुलाला आणि शिक्षकाला ते मिळाले होते. जिथे वीज नव्हती तिथे सौर पट्ट्या बसल्या. हे इतक्या लवकर झाले, कारण शाळा आधीपासून सर्वत्र होत्या. होसे पेद्रो वारेला यांच्या १८७७ च्या सुधारणेने शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. आणि इतिहासाची गुंतागुंत अशी, की ज्या लातोर्रेच्या राजवटीत कुंपणांनी माळावरची माणसे बाहेर काढली, त्याच राजवटीत ही सुधारणा झाली. पांढरा झगा आणि निळी फीतगाठ घातलेली मुले, श्रीमंत-गरीब सारखीच दिसणारी, ही त्या देशाची स्वतःबद्दलची आवडती प्रतिमा आहे.

लॅपटॉपने गणित आणि वाचन सुधारले का? तिथल्याच विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी तपासले, तेव्हा पहिल्या वर्षांत फरक आढळला नाही. मी हे ठळकपणे लिहितो, कारण या योजनेची स्तुती करणारे बहुतेक लोक ते गाळतात. पण योजना तिथे थांबली नाही. खेड्यातल्या शाळेत इंग्रजीचा शिक्षक मिळत नव्हता. २०१२ पासून पडद्यावरून, दुसऱ्या देशात बसलेला शिक्षक आणि वर्गात उभी असलेली नेहमीची बाई मिळून शिकवू लागले. बाईंना इंग्रजी येत नसले तरी चालते, त्या मुलांबरोबर शिकतात. यंत्र वाटून जे झाले नाही ते तारेच्या दोन टोकांना माणसे बसवल्यावर होऊ लागले.

ती तार आता काचेची आहे. २०११ पासून आन्तेलने घराघरापर्यंत फायबर नेले, आणि या बाबतीत उरुग्वे लॅटिन अमेरिकेत पहिल्या रांगेत आहे. घरातली तार झाली, तरी देशाबाहेरची वाट शेजाऱ्यांच्या आणि परक्या कंपन्यांच्या हातात होती. म्हणून गूगल आणि इतरांच्या जोडीने आन्तेल मोनेत या समुद्री केबलमध्ये भागीदार झाली. ब्राझीलचा किनारा अमेरिकेतल्या फ्लोरिडाशी जोडणारी, साडेदहा हजार किलोमीटरची ही केबल २०१७ मध्ये चालू झाली. ब्राझीलच्या सान्तोसपासून उरुग्वेच्या माल्दोनादोपर्यंत तानात ही दुसरी केबल टाकली. तानात म्हणजे तिथल्या प्रसिद्ध काळ्या द्राक्षाचे नाव. १८६६ ची तार ब्रिटिश भांडवलाची होती. या तारेत उरुग्वेच्या टेलिफोन ग्राहकाचा वाटा आहे.

पण तारेला आता पाणीही लागते. कानेलोनेस प्रांतात गूगल ८५ कोटी डॉलरहून अधिक खर्चाचे माहितीकेंद्र बांधत आहे. वीज स्वच्छ आहे, कारण धरणे, पवनचक्क्या आणि इतर अक्षय स्रोत मिळून देशाची जवळजवळ सगळी वीज पुरवतात. २०२३ मध्ये मात्र असा दुष्काळ पडला की पासो सेवेरिनोचा जलाशय तळाला गेला आणि मॉन्टेव्हिडिओच्या नळाला प्लेट नदीच्या मुखातले खारट पाणी मिसळून आले. लोक बाटलीबंद पाण्यासाठी रांगा लावत होते, आणि त्याच वेळी माहितीकेंद्राला थंड ठेवायला किती पाणी लागेल याचा कागद बाहेर आला. भिंतींवर लिहिले गेले, मोर्चे निघाले. शेवटी कंपनीने आराखडा बदलून पाण्याऐवजी हवेने थंड करण्याचे मान्य केले. २००४ मध्ये पाण्याचा हक्क घटनेत लिहून घेणारे लोक गप्प बसतील, असे मानणेच चूक होते.

आणि रेल्वे. पासो दे लोस तोरोसच्या लगद्यासाठी मॉन्टेव्हिडिओ बंदरापर्यंतचा २७३ किलोमीटरचा मार्ग सरकारने मोठ्या खर्चाने नव्याने बांधला. इंग्रजांच्या जुन्याच रेघेवरून, तळव्यात येणाऱ्या त्याच बोटावरून. मार्ग फ्लोरिदा प्रांतातून, कार्दालच्या परिसरातून जातो. ज्या गावी मुलांच्या हाती पहिले लॅपटॉप पडले, तिथल्या गोठ्यांतल्या गायींचे क्रमांक संध्याकाळपर्यंत राजधानीच्या नोंदीत पोहोचतात, आणि मुलांचे धडे काचेच्या तारेवरून येतात. लगद्याची लांबलचक गाडी मात्र तिथे माणसांसाठी थांबत नाही. मॉन्टेव्हिडिओला दवाखान्यात जायचे असेल तर कार्दालची आजी रस्त्यावर येऊन बसची वाट पाहते.